नको म्हटल्यावर

फिनिक्स विमानतळ, सोमवार, २ जून

अहो,

मी मघाशी हात हलवत होते तो टाटा करायला नव्हता. गाडीची डिकी उघडी राहिली होती! तुम्ही "पोचल्यावर कळव" म्हणालात आणि डिकी तशीच उघडी घेऊन निघालात. चँडलरला घरी पोचेपर्यंत कुणीतरी हॉर्न वाजवून सांगितलं असेल अशी आशा आहे.

ई-मेल लिहितेय, कारण फोनवर तुम्ही "हं"च्या पुढे जात नाही आणि व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवून मोकळे होता. ई-मेल तेवढी शेवटपर्यंत वाचता. ऑफिसची सवय!

मला शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवशी व्हायचं तसं झालंय. चार वर्षांनी लेक दिसणार, आपली कादंबरी. तिचं लग्न, तेही आयर्लंडला, समुद्राकाठी! मी रत्नागिरीची. इतकी वर्षं तुमच्यापायी या वाळवंटात काढली. तुमचं काय, नागपूरचे तुम्ही, पंचेचाळीस डिग्रीला "आज जरा बरंय" म्हणणार. आता तीन आठवडे माझे.

आता रागावू नका, एकदाच स्पष्ट लिहिते. लग्न एकवीसला, शनिवारी. आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी घरचं केळवण करणार आहे. बाकीची केळवणं कुणीही करो, घरचं केळवण आईबापांनी करायचं असतं. आई तर निघाली. बापाचा पासपोर्ट देवघराच्या खणात आहे आणि त्यावर व्हिसा आहे. फेब्रुवारीत कादंबरीच्या लग्नाच्या वेबसाइटवर तुम्ही "येऊ शकत नाही" हे बटण दाबलंत, आणि एप्रिलमध्ये व्हिसाच्या अर्जावर मुकाट सही केलीत. यातलं खरं कुठलं? तिकीट मी काढलेलं नाही. ते तुम्ही काढायचंय.

बोर्डिंग सुरू झालं. फ्रिजमधली भाजी आधी संपवा, मग बाहेरचं खा.

शुभा

बॅलीकॅरन, बुधवार, ४ जून

अहो, अहो, अहो!

काय सांगू आणि किती सांगू! कादंबरी विमानतळावर आली होती. मला उचललंच तिनं. म्हणाली, "आई, तू केवढीशी झालीस गं!" केस बारीक कापलेत, गालावर उन्हाचे ठिपके आलेत, आणि गाडी अशी हाकते की मी पूर्ण वेळ डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते. इथले रस्ते म्हणजे आपला ड्राइव्हवे, त्यातून दोन्हीकडून गाड्या.

गाव म्हणजे अर्ध्या चंद्रासारखी वाळूची एक लांब पुळण आणि तिच्या कडेनं रंगीबेरंगी घरं. सुट्टीचं गाव, त्यामुळे सगळं खाण्यापिण्याचं आणि खेळण्याचं. माशांच्या कापांची गाडी, पाळणे, लहान मुलांची गाढवं, समुद्राकडे तोंड करून लावलेली बाकं. जावईबापू डेक्लन लोकांना कयाकच्या छोट्या होडीत बसवून खडकांतून फिरवून आणतो. उंच आहे, लाजरा आहे, मला "शुभाकाकू" म्हणतो. कादंबरीनं शिकवलंय म्हणे. त्याची आत्या नोरा, तिचा पब आहे. मी त्याच्या वरच्या खोलीत उतरलेय. खिडकी उघडली की खारा वास! मी पहिल्या दिवशी खिडकीशी उभी राहून रडले, हे कादंबरीला सांगू नका. सांगण्याएवढं बोलाल तर मला आनंदच आहे म्हणा.

एक म्हातारी कागदाच्या पुड्यांत उकडलेले इवलेसे शंख विकते, सोबत टाचणी देते. टाचणीनं आतला जीव काढून खायचा. मी भिंतीवर बसून दोन पुड्या फस्त केल्या. आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांची, त्या शिंपल्यांची, आठवण झाली. खोबरं तेवढं नव्हतं.

आणि माझा गोंधळ ऐका. रात्री दहा वाजले तरी इथे उजेड! पोरं साडेनऊला आइस्क्रीम खात फिरतायत. त्यामुळे मला वेळेचा पत्ताच लागेना. आपल्या सवयीनं नऊ वाजता खाली जेवायला गेले, तर स्वयंपाकघर साडेआठलाच बंद. नोरा म्हणाली, "तुला भूक लागली असेल." मी म्हटलं, "छे छे, अजिबात नाही." पोटात कावळे! तुम्हाला तुमच्या पहिल्या बॉसचं घर आठवतं का? आपण दोघं "नो थँक यू" म्हणालो आणि ती बाई खरंच प्लेट घेऊन आत गेली! घरी येऊन खिचडी टाकली होती आपण. मला वाटलं आताही तेच. तर नोरा म्हणते, "थोडं सूप तरी?" मी म्हटलं नको. "अगं, वाटीभर. नाहीतर मला झोप यायची नाही." अहो, मी बसलेच! माशांचं दाटसर सूप, गव्हाचा काळसर पाव, त्यावर बोटभर लोणी. अमेरिकेत इतकी वर्षं राहिले, इतक्या वेळा कुणी विचारलं नव्हतं मला. सोबत एक काळं, फेसाळ कॉफीसारखं काहीतरी दिलं, तेही छान होतं.

कादंबरीनं विचारलं, "बाबांचा गुडघा कसाय?" मी म्हटलं, त्यांनाच विचार. ती उठून माझी बॅग रिकामी करायला लागली.

शुभा

बॅलीकॅरन, रविवार, ८ जून

अहो,

आधी कबुली. ती कॉफी नव्हती, बिअर होती. अर्धा ग्लास. काल अजून अर्धा. झालं सांगून.

आता दुसरं, बसून वाचा. मी समुद्रात पोहले! इथल्या बायका रोज सकाळी खडकांच्या खाचेत पोहायला जातात, माझ्या वयाच्या, माझ्याहून मोठ्यासुद्धा. नोरानं मला कुणाचा तरी काळा रबरी सूट चढवला. चढवायला मी, नोरा आणि कादंबरी, तिघी लागलो. पाणी कसलं, बर्फ! पाय टाकल्याबरोबर तोंडातून अशी शिवी निघाली की तुमचे नागपूरचे काकासुद्धा लाजले असते. पण दोन मिनिटांनी अंग गरम व्हायला लागलं आणि मग मी बाहेरच येईना. कादंबरी काठावरून ओरडतेय, "आई, दॅट्स इनफ!" मी ऐकतेय होय? लहानपणी भाट्याच्या खाडीत डुंबताना आई ओरडायची तेव्हा तरी कुठे ऐकत होते! बाहेर आल्यावर गरम चहा आणि आल्याचा केक, तोही ओल्या केसांनी, वाऱ्यात उभं राहून. उद्या परत जाणार आहे.

आणि शनिवारची संध्याकाळ! पबमध्ये एका कोपऱ्यात व्हायोलिन, बासरी आणि एक ढोलकं घेऊन चार माणसं बसतात, आपापसात वाजवत. स्टेज नाही, तिकीट नाही. मध्येच थांबतात आणि कुणालाही म्हणतात, आता तू काहीतरी म्हण. माझ्यावर पाळी आली. मी नको म्हटलं. अर्थात कुणी ऐकलं नाही. मग काय, पदर खोचला (जीन्सवर ओढणी होती, तीच खोचली), मंगळागौरीचं गाणं धरलं आणि नोराला ओढून फुगडी घातली! अठ्ठावन्नाव्या वर्षी! ती पासष्टची. सगळा पब टाळ्या वाजवतोय, ढोलकंवाल्यानं बरोबर ठेका पकडला. डेक्लननं कादंबरीला ओढलं, त्याला जमेना, तिघांच्या अंगावर पडला. हसून हसून माझ्या कुशीत दुखायला लागलं.

कादंबरी हसता हसता एकदम खाली बसली. म्हणाली, "बाबांना हे आवडलं असतं ना?" मी म्हटलं, त्यांनी कोपऱ्यात बसून "काय हा आचरटपणा" म्हटलं असतं आणि फोनवर सगळं शूट केलं असतं. ती म्हणाली, "येस, एक्झॅक्टली." मग नाक पुसायला बाहेर गेली.

तुम्ही काय करताय? भाजी संपली का?

शुभा

बॅलीकॅरन, मंगळवार, १० जून

अहो,

आज मी तुमच्या दोघांवरही चिडलेय. तुमच्यावर जास्त.

सकाळी कादंबरीबरोबर कड्यावरच्या वाटेनं चालायला गेले. खाली लाटा, वर पांढरे पक्षी, बाजूला गाईसुद्धा निवांत समुद्र बघत उभ्या. एका दगडावर बसून सँडविच सोडली आणि मी सरळ विचारलं, "बाबांना फोन का नाही केलास गं?"

ती म्हणाली, "आई, त्यांनी वेबसाइटवर नो क्लिक केलं. क्लिअर नो. मी रिस्पेक्ट केलं."

"आणि?"

"आणि काय? मी खूप रडले. पण मॅच्युअरली हँडल केलं."

मॅच्युअरली! मला तिच्या हातातलं सँडविच हिसकावून समुद्रात टाकावंसं वाटलं. मी म्हटलं, अगं, तुझे बाबा चहालासुद्धा पहिल्यांदा नको म्हणतात! सासऱ्यांनी आमचं लग्न ठरवलं तेव्हा पहिल्यांदा मलाही नको म्हणाले होते! नको म्हटल्यावर माणसानं परत विचारायचं असतं. फेब्रुवारीपासून तो माणूस फोनचा आवाज फुल करून बाथरूममध्येसुद्धा नेतोय.

तिनं सँडविच खाली ठेवलं. "पण मग नो का क्लिक केलं?"

"तू फोन करून 'बाबा, असं काय करता' म्हणशील म्हणून!"

"आई, हू डज दॅट ऑन अ वेबसाइट?"

कोण करतं म्हणे! तुम्ही करता. आणि मग मी तिला ते सांगितलं. बटण दाबल्याबरोबर तुम्हाला उत्तर आलं होतं ना, "कळवल्याबद्दल थँक्स, वुई विल मिस यू", आणि पुढे फुग्याचं चित्र. तुम्ही मला हॉलमधून हाक मारून वाचून दाखवलंत. "बघ, एका मिनिटात उत्तर दिलं पोरीनं. थँक्स म्हणते. फुगा पाठवलाय." आणि त्या दिवशी जेवला नाहीत.

अहो, ते कादंबरीनं लिहिलेलं नव्हतं! ते यंत्राचं उत्तर आहे! जो कुणी बटण दाबेल त्याला आपोआप तेच जातं, तोच फुगा. अख्खी कारकीर्द चिप बनवण्यात घालवलेल्या इंजिनियरला एवढं कळू नये? कादंबरी हे ऐकून आधी मोठ्यानं हसली, मग दगडावर तशीच वाकून रडायला लागली. "बाबांना वाटलं मी फुगा पाठवला?" हे एकच वाक्य किती वेळा म्हणाली.

मग मी थांबलेच नाही. सगळं सांगितलं. एकविसाव्या वाढदिवसाला, मूल सज्ञान झालं म्हणून, आपल्या ग्रीन कार्डाच्या अर्जातून तिचं नाव गळलं, तेव्हा तुम्ही वकिलाला रोज फोन करत होतात, हे तिला माहीत होतं. पुढे व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागला नाही, तुम्ही म्हणालात अजून एकदा टाक, ती म्हणाली, "बाबा, मी कंटाळले या रांगेला" आणि इकडे निघून आली, हेही तिला माहीतच आहे. तिला माहीत नव्हतं ते गेल्या वर्षीचं. कार्डं आली तेव्हा पाकिटातून दोनच निघणार हे ठाऊक असूनही तुम्ही ते पाकीट उलटं धरून झटकलंत. तुम्हाला वाटलं मी किचनमध्ये आहे. मी दारात होते.

हे तिला सांगितलं म्हणून तुम्ही रागवाल. खुशाल रागवा. इथे येऊन रागवा.

शुभा

बॅलीकॅरन, शनिवार, १४ जून

अहो,

गुरुवारी तिचा फोन आला आणि तुम्ही काय म्हणालात? "बघू."

ती धावत खाली आली. मी नोराबरोबर खेकडे फोडत बसले होते. "आई, बाबा 'बघू' म्हणाले! इज दॅट अ मेबी?" आता मी काय सांगू? आपल्यात "बघू" म्हणजे काहीही असू शकतं. मी म्हटलं, नाही तर म्हणाले नाहीत ना, मग परत विचार. काल तिनं परत विचारलं. तुम्ही म्हणालात गुडघा दुखतोय, ऊन फार आहे, एसीवाला येणार आहे. अहो, ऊन फार आहे म्हणून तर इकडे यायचं! ती "ओके बा..." एवढं म्हणेपर्यंत मी तिला असा चिमटा काढला की ती किंचाळली. ती किंकाळी तुम्ही ऐकलीत आणि विचारलंत "काय झालं?" तेवढ्यावर फोन संपला.

आता शांतपणे लिहिते.

नोरानं शुक्रवारसाठी पबची मागची खोली मोकळी ठेवलीय. केळवण म्हणजे काय ते मी तिला समजावलं. म्हणाली, "म्हणजे लग्नाआधी मुलीला तिच्या घरचं शेवटचं जेवण." मी म्हटलं, हो. म्हणाली, "मग तिचा बाप कुठे बसणार?" मी टेबलाच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिनं तिथे सगळ्यात चांगली खुर्ची आणून ठेवली, शेकोटीजवळची. लिमरिक शहरातल्या एका दुकानात बासमती मिळाला, चणाडाळ मी आणलीच होती. पुरणपोळ्या होतील. वरणभात, तळलेला मासा, नोराचा पाव. तुम्हाला मासा नको असेल तर वांग्याची भाजी करेन, वऱ्हाडी, तिखटजाळ.

पण एक ऐका. ही मुलगी आपली आहे आणि तिकडच्या शाळेत वाढलीय. तिला कुणी नाही म्हटलं की ते खरं मानायचं, हे तिला तिथे शिकवलंय, आणि ते वाईट नाही शिकवलं. तिला वाटतं ती तुम्हाला त्रास देतेय. आता ती तिसऱ्यांदा विचारणार आहे, मी न सांगता, स्वतःहून ठरवलंय तिनं. तुम्ही तिसऱ्यांदा नाही म्हणालात तर ती ते खरं मानेल, मोरेश्वर. कायमचं. मग मी कितीही समजावलं तरी उपयोग नाही, आणि तुम्ही कितीही वर्षं फोन बाथरूममध्ये नेलात तरी तो वाजणार नाही.

तुमचं नाव घेऊन लिहिलंय. इतकी भीती वाटतेय मला.

शुभा

बॅलीकॅरन, सोमवार, १६ जून

अहो!

तुम्ही फोन ठेवलात आणि इकडे काय झालं ते तुम्हाला कळायलाच हवं!

आम्ही बीचवरच्या बाकावर होतो. भुरभुर पाऊस, समोर डेक्लनची कयाक ओळीनं पालथी. मी माशांचे काप खात होते, तेही सोडून दिले, म्हणजे बघा. तिनं स्पीकर लावला होता, तुम्हाला माहीत नव्हतं. माफ करा. नाही, नका करू.

तिनं तुम्हाला सांगितलं, "बाबा, मी परत विचारतेय. तुम्ही रोज नो म्हणा, मी शनिवारपर्यंत रोज विचारणार. मला तुम्ही हवे आहात. फुगा मी पाठवला नव्हता." कादंबरीनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

आणि मग तुम्ही तुमच्या त्या ऑफिसच्या आवाजात विचारलंत, "तिथं थंडी किती असते?"

ती बिचारी म्हणाली, "चौदा डिग्री, बाबा. सेल्सियस. वारा असतो." तुम्ही म्हणालात "हं", आणि ठेवलात.

मी बाकावरून उठून नाचायला लागले होते! पोरगी माझ्याकडे बघतेय, चेहरा पांढराफटक, "आई, सो इज दॅट अ नो?" मी म्हटलं, अगं वेडे, स्वेटर घेऊ का विचारतायत! तरी तिला कळेना. मी तिचे खांदे धरून ओरडले, "येतायत! तुझे बाबा येतायत!" बाजूच्या बाकावरच्या आजीआजोबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय कळलं देव जाणे.

अर्ध्या तासात तुमची तिकिटाची ई-मेल आली, खाली एक शब्दसुद्धा न लिहिता. गुरुवारी सकाळी शॅनन विमानतळावर उतरताय. उत्तम. कादंबरी आणि डेक्लन न्यायला येतील. गाडीत डोळे मिटून घ्या.

स्वेटर शोधत बसू नका. त्या फोननंतर कादंबरी तडक उठली आणि पोहण्याच्या सामानाच्या दुकानात गेली. पावसाळी जॅकेट घेतलं, निळं. दुकानदारानं मापाचं विचारलं तर मला विचारलंसुद्धा नाही तिनं, हातानं हवेत तुमचे खांदे दाखवले आणि म्हणाली, एवढे. चार वर्षं बघितलं नाही तिनं तुम्हाला.

ते जॅकेट तिनं तिथेच अंगात घातलं. बाह्या बोटांच्या पुढे लोंबतायत. पाऊस कधीचा थांबला, आता स्वच्छ ऊन पडलंय, ती माझ्यासमोर बसून चहा पितेय आणि अजून काढत नाहीये.

या.

शुभा